साखर दारात अडली की घरात? यीस्टच्या व्हीआरजी४ जनुकावर सहा महिन्यांचा प्रकल्प

जानेवारी उजाडला की पुण्यातली एमएस्सीच्या चौथ्या सत्राची मुलं प्रकल्पाच्या विषयासाठी हिंडू लागतात. विद्यापीठाच्या आवारात, पाषाण रस्त्यावर, कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागांत सगळीकडे तोच प्रश्न ऐकू येतो: हातात सहा महिने, साधी उपकरणं आणि बेताचं बजेट, यात नीट शास्त्र करता येईल असा विषय कोणता? मी दर वेळी यीस्टचं नाव घेते, आणि त्यातही गॉल्जीत, म्हणजे प्रथिनांवर साखर चढवणाऱ्या पेशीतल्या कप्प्यांत, साखर नेणाऱ्या व्हीआरजी४ जनुकाचं. खर्च कमी, जंतू निरुपद्रवी आणि प्रश्न मात्र पहिल्या प्रतीचा.

प्रश्न असा. पेशीच्या द्रवात साखर तयार आहे. ती प्रथिनाला जोडणारं एन्झाइम गॉल्जीच्या आत हजर आहे. तरीही साखर जोडली जात नाही, कारण मधलं दार बंद आहे. आपल्याला मात्र फक्त शेवट दिसतो, म्हणजे साखर नसलेलं प्रथिन. मग दोष साखरेत, एन्झाइममध्ये की दारात, हे कसं सांगायचं? या लेखातली प्रत्येक पायरी याच प्रश्नाकडे जाते. बहुतेक प्रकल्प तीन-चार पायऱ्यांवर थांबतात आणि निष्कर्षात ‘हे वाहतुकीचं जनुक आहे’ असं लिहून मोकळे होतात. तसं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी एक गोष्ट आपल्या घरची

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक विलक्षण रक्तगट शोधला. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. या लोकांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटाच्या माणसातही असतो तो एच प्रतिजनसुद्धा नाही. एच प्रतिजन घडण्यासाठी साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडावी लागते. बॉम्बे गटात ती जोडणारं एन्झाइम, एफयूटी१, निकामी असतं.

आता दुसरा आजार पाहा. एलएडी-२ नावाचा हा आजार फार दुर्मीळ आहे. या मुलांच्या तांबड्या पेशी तपासल्या तर त्याही बॉम्बे गटासारख्याच दिसतात, एच प्रतिजन नाही. पण या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट चिकटत नाहीत आणि त्यांची वाढही मंदावते. यांच्यात बिघाड एन्झाइमचा नाही. जीडीपी-फ्यूकोज, म्हणजे जीडीपी या रेणूला बांधलेली फ्यूकोज, गॉल्जीत नेणारं प्रथिन बिघडलेलं असतं, आणि त्याचं जनुक २००१ साली सापडलं. फ्यूकोज आतच जात नाही म्हटल्यावर ती वापरणारी सगळीच एन्झाइम रिकाम्या हातांनी बसतात. म्हणून परिणाम फक्त रक्तगटापुरता उरत नाही.

तांबडी पेशी दोन्हीकडे सारखीच, बिघाड मात्र दोन वेगळ्या ठिकाणी. फरक कळतो तो इतर पेशींकडे पाहिल्यावर. एन्झाइम बिघडलं तर एक काम थांबतं, दार बिघडलं तर त्या साखरेवर चालणारी सगळी कामं थांबतात. यीस्टमध्येही आपण हेच तर्कशास्त्र वापरणार आहोत.

यीस्टमधली गोष्ट

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे आपलं पावाचं यीस्ट, अंगावर मॅनोज साखरेची जाड गोधडी पांघरून असतं. तिला मॅनन म्हणतात. एकेका प्रथिनावर शंभराहून जास्त मॅनोजची साखळी असू शकते. ही लांब साखळी गॉल्जीत विणली जाते. कच्चा माल आहे जीडीपी-मॅनोज, आणि तो पेशीद्रवात तयार होतो. पीएसए१ या जनुकाचं एन्झाइम मॅनोज-१-फॉस्फेट आणि जीटीपी घेऊन तो बनवतं. जीडीपी-मॅनोजवर विद्युतभार असतो, त्यामुळे गॉल्जीच्या पटलातून तो आपोआप आत शिरू शकत नाही. त्याला आत घेतं ते व्हीआरजी४ प्रथिन.

या दाराची रीत देवाणघेवाणीची आहे. एक जीडीपी-मॅनोज आत येतो तेव्हा एक जीएमपी बाहेर जातो. आत मॅनोज जोडली गेली की जीडीपी उरतो. जीडीए१ जनुकाचं एन्झाइम त्याचा एक फॉस्फेट तोडून जीएमपी करतं, आणि तोच जीएमपी पुढच्या मॅनोजच्या बदल्यात बाहेर पडतो. म्हणजे जीडीए१ नसेल तर दार शाबूत असूनही देवाणघेवाण रोडावते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तुलनेसाठी ती फार उपयोगी पडेल.

व्हीआरजी४ प्रथिन ३३७ अमिनो आम्लांचं आहे आणि पटलातून दहा वेळा आरपार जातं. त्याची त्रिमितीय रचना २०१७ साली प्रसिद्ध झाली. २८५ ते २८९ या क्रमांकांवर ग्लायसिन, अॅलनिन, ल्यूसिन, अॅस्पॅराजिन, लायसिन असा पाच अमिनो आम्लांचा पट्टा आहे. जीडीपी-मॅनोज ओळखण्यासाठी तो महत्त्वाचा आहे. तुम्ही नव्या उत्परिवर्तनाचा क्रम वाचत असाल तर नजर आधी इथे टाका.

आणि विषयाचं मोल परीक्षकांनी विचारलंच तर हे सांगा. माणसाच्या गॉल्जीला जीडीपी-मॅनोज आत घ्यावाच लागत नाही. कॅन्डिडा अल्बिकन्ससारख्या रोगकारक बुरशीला मात्र हे दार जगण्यासाठी हवंच असतं. म्हणून बुरशीविरोधी औषधाचं लक्ष्य म्हणून त्याकडे पाहिलं जातं.

पहिला आठवडा वाचनाचा, पण सगळ्या नावांनी

एकाच जनुकाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगवेगळी नावं दिली, कारण प्रत्येकाला ते वेगळ्या खुणेवरून सापडलं. व्हीआरजी४ हेच व्हॅन२, व्हीआयजी४, गॉग५ आणि एलडीबी३. एकाच नावाने शोधाल तर अर्धं साहित्य हातातून निसटेल. ही नावंही बोलकी आहेत. व्हॅन म्हणजे व्हॅनाडेटला न जुमानणारा, एलडीबी म्हणजे रंग कमी धरणारा. म्हणजे जनुकाच्या नावातच तुमच्या पहिल्या दोन चाचण्या लिहून ठेवलेल्या आहेत.

पद्धतशीर नाव आहे वायजीएल२२५डब्ल्यू. वाय म्हणजे यीस्ट, जी म्हणजे सातवं गुणसूत्र, एल म्हणजे डावी बाजू, २२५ हा सेंट्रोमिअरपासून, म्हणजे गुणसूत्राच्या दोन बाजू जुळतात तिथून, मोजलेला क्रमांक आणि डब्ल्यू म्हणजे डीएनएचा वॉटसन धागा. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

वाचताना दोन शोधनिबंधांवर वेळ घालवा. नेटा डीन यांच्या गटाचा १९९७ सालचा निबंध, ज्यात व्हीआरजी४ म्हणजे जीडीपी-मॅनोजचं दार आहे हे दाखवलं. आणि १९९६ सालचा क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस या दुसऱ्या यीस्टवरचा निबंध. त्या यीस्टच्या एमएनएन२-२ या म्युटंटमध्ये, म्हणजे जनुक बदललेल्या वाणात, साखळीच्या टोकाची एन-अॅसिटिलग्लुकोजअमाइन गायब होती, पण ती जोडणारं एन्झाइम मात्र नेहमीइतकंच काम करत होतं. डग्लस आणि बॅलू यांनी हे १९८२ सालीच पाहिलं आणि दोष वाहतुकीत असावा हे ताडलं. जनुक हाती यायला पुढे चौदा वर्षं गेली. एन्झाइम ठीक, साखर नाही, मग दार तपासा: हा तर्क इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला दुसरीकडे क्वचितच सापडला.

स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, कुठून आणि कोणता

इथे बहुतेकांची पहिली गल्लत होते. व्हीआरजी४ अत्यावश्यक जनुक आहे. ते पूर्ण काढलं तर पेशी जगत नाही. म्हणून एकेक जनुक काढलेल्या हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) स्ट्रेनच्या संग्रहात ते मिळणार नाही, मागवायला जाऊ नका. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, अर्धवट काम करणारा बिंदू-उत्परिवर्तनाचा म्युटंट ज्या प्रयोगशाळेत बनला तिथून मागवणं. दोन, जनुक गॅल१ प्रमोटरखाली, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली, ठेवलेला स्ट्रेन. तो गॅलॅक्टोजवर जनुक चालू ठेवतो आणि ग्लुकोजवर बंद करतो.

मला पहिला रस्ता जास्त पटतो. गॅल१चा स्ट्रेन वापरलात तर लक्षात ठेवा, ग्लुकोज दिल्याबरोबर जनुक बंद होतं, पण आधी बनलेलं प्रथिन पटलात तसंच असतं. पेशी विभागत जातात तसतसं ते विरळ होतं. म्हणून ०, ४, ८, १२ तास असे नमुने घ्या, आणि मूळ स्ट्रेनलाही त्याच वेळी गॅलॅक्टोजवरून ग्लुकोजवर आणा. नाहीतर माध्यम बदलल्याचा परिणाम जनुकाच्या नावावर खपून जाईल.

सोबतीला तीन स्ट्रेन हवेतच. मूळ स्ट्रेन, म्हणजे बीवाय४७४१ किंवा तुमच्या म्युटंटचा खरा पालक. एमएनएन९ काढलेला स्ट्रेन, ज्यात दार ठीक आहे पण लांब साखळी विणणारं यंत्र मोडलं आहे. आणि जीडीए१ काढलेला स्ट्रेन. हे दोन्ही जगतात. या तिघांशिवाय व्हीआरजी४ म्युटंटच्या निकालाला काही अर्थ उरत नाही.

सर्वसाधारण यीस्ट स्ट्रेन आणि त्यांच्या जोपासनेसाठी पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो एकदा पाहून याच. जनुक काढलेले स्ट्रेन मात्र सहसा जर्मनीतल्या यूरोस्कार्फ या स्ट्रेन-संग्रहाकडून मागवावे लागतात. करारपत्र, आयातीचे कागद आणि विभागप्रमुखांची सही यांत सहज दीड-दोन महिने जातात. अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. मधल्या काळात मूळ स्ट्रेनवर सगळ्या चाचण्या बसवून घ्या.

स्ट्रेन आला की त्याच दिवशी २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करून उणे ८० अंशांवर ठेवा. आजारी म्युटंटमध्ये वारंवार पुनर्लागवड करताना दुसरी उत्परिवर्तनं साचतात आणि जोमाने वाढणारी पिल्लं पुढे निघून जातात. महिनाभर प्लेटवरून प्लेटवर नेलेला स्ट्रेन हा तुम्ही मागवलेला स्ट्रेन राहिलेला नसतो.

वाढ, तापमान आणि पुण्याचं हवामान

माध्यम साधं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, डेक्स्ट्रोज २ टक्के, घन हवं तर अगार २ टक्के. मूळ स्ट्रेन ३० अंशांवर वाढतो. म्युटंट तापमानाला नाजूक असेल तर २५ अंश लागतात, आणि इथे एप्रिल-मे महिन्यांत खोलीचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. तेव्हा शेकर खोलीत ठेवून भागणार नाही. गार करणारा बीओडी इनक्युबेटर लागतो, आणि त्याच्या डायलवर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवून वाचा. पावसाळ्यात हवेतली बुरशी प्लेटवर चढते. जुलैमध्ये प्लेट ओतल्यावर लॅमिनारमध्ये झाकण तिरकं ठेवून चांगल्या सुकू द्या.

ग्लायकोसिलेशन बिघडलेल्या पेशी बऱ्याचदा एकमेकींना धरून गुच्छात राहतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर अशा गुच्छाला फसतो. म्हणून ६०० नॅनोमीटरच्या रीडिंगबरोबर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गुच्छ दिसले तर हलकं सोनिकेशन करून न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेवर) मोजा. हे काम दहा मिनिटांचं आहे. ते टाळलं तर पुढच्या प्रत्येक चाचणीत पेशींची संख्या चुकलेली राहते.

स्पॉट टेस्ट: हायग्रोमायसिन आणि व्हॅनाडेट

गॉल्जीतलं ग्लायकोसिलेशन बिघडलं की यीस्ट हायग्रोमायसिन-बीला हळवं होतं आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेटला सोसू लागतं. एकाला कच्चं, दुसऱ्याला पक्कं, अशी दुहेरी खूण इतर आजारी म्युटंटमध्ये सहज मिळत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या एकत्रच लावा.

पेशी समसंख्य करा, दहाच्या पटीत चार-पाच वेळा विरल करा आणि प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा. हायग्रोमायसिन २५ आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन मात्रांनी सुरुवात करा. अगार ५०-५५ अंशांपर्यंत निवल्यावरच औषध मिसळा. माध्यमात मीठ जास्त असेल तर हायग्रोमायसिनचा जोर कमी होतो, तेव्हा सगळ्या प्लेट एकाच घाण्यातल्या असू द्या. एक प्लेट नेहमी औषधाविना ठेवा. म्युटंट मुळात हळू वाढतो, आणि हा हळूपणा औषधाचा परिणाम समजला जाण्याचा धोका मोठा असतो.

व्हॅनाडेटसाठी ५, ७.५ आणि १० मिलिमोलरची मालिका लावा. त्याचा साठा नीट करणं हीच खरी मेहनत. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० ला आणा. ते पिवळं होईल. उकळा, रंग जाईल. गार करा, पीएच पुन्हा तपासा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. पीएच १० ला द्रावण गार अवस्थेतही रंगहीन राहिलं की काम झालं. पिवळेपणा म्हणजे व्हॅनाडेटचे रेणू एकत्र येऊन मोठे झाले आहेत, आणि आपल्याला हवे आहेत ते सुटे. आमच्याकडे एका वर्षी सहा महिन्यांपूर्वीची पिवळी पडलेली बाटली वापरली गेली. सगळे स्ट्रेन सगळ्या प्लेटवर सारखेच फोफावले, आणि पंधरा दिवस आम्ही म्युटंटलाच दोष देत राहिलो. आता बाटलीवर तारीख आणि रंग दोन्ही लिहितो. व्हॅनाडेट विषारी आहे, पूड उघडताना मास्क लावा.

या चाचणीतून इतकंच कळतं की गॉल्जीतल्या साखरकामात कुठेतरी बिघाड आहे. एमएनएन९ म्युटंटही असाच वागेल. दाराबद्दल अजून एक अक्षरही लिहू नका.

अल्शियन ब्लू: गाळाचा रंग

मॅननच्या साखळीवर अधूनमधून फॉस्फेट बसलेले असतात, म्हणून यीस्टचं अंग ऋणभारित असतं. अल्शियन ब्लू हा धनभारित रंग त्याला चिकटतो. साखळ्या आखूड झाल्या की फॉस्फेट कमी आणि रंगही कमी.

समसंख्य पेशी ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. त्याच आम्लात केलेल्या ०.१ टक्का अल्शियन ब्लूमध्ये दहा मिनिटं ठेवा, फिरवा, वरचं पाणी काढा, एकदा धुवा आणि चारही नळ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. मूळ स्ट्रेनचा गाळ गर्द निळा, मोरपिशी असतो. एमएनएन९चा जवळजवळ पांढरा, फार तर आभाळाच्या कडेसारखा. व्हीआरजी४ म्युटंट त्याच्या जवळपास बसेल, किती ते उत्परिवर्तन किती कडक आहे त्यावर ठरेल. पहिल्यांदा ही चाचणी करणारी मुलं नळी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहतात. डोळ्यांनी जनुक दिसण्याचा इतका सोपा प्रसंग दुसरा नाही.

फोटो काढा, पण आकडाही द्या. वरच्या पाण्यात उरलेला रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून किती बांधला गेला ते काढा, तीन वेगवेगळ्या वाढींचे. आणि हेही लिहा की फॉस्फेट बसवणारी जनुकं, म्हणजे एमएनएन४ आणि एमएनएन६, बिघडली तरी रंग असाच जातो.

इन्व्हर्टेज जेल: या प्रकल्पाचा गाभा

एकच चाचणी मनापासून करायची असेल तर ही करा. इन्व्हर्टेज हे ऊस-साखर फोडणारं एन्झाइम. सुक२ जनुक त्याची दोन रूपं बनवतं: पेशीतच राहणारं, साखर न जडलेलं, आणि बाहेर टाकलं जाणारं, मॅननने जडजंबाळ झालेलं. साखर जितकी जास्त तितकं ते जेलमध्ये वर अडकतं. मूळ स्ट्रेनमध्ये जेलच्या वरच्या भागात रुंद, धूसर पट्टा येतो. साखळी आखूड असली की पट्टा खाली उतरतो.

आधी स्ट्रेनच्या जनुकप्रकारात सुक२ शाबूत आहे ना ते बघा. एसईवाय६२१० सारख्या काही लोकप्रिय स्ट्रेनमध्ये ते मुद्दाम काढलेलं असतं, आणि मग जेल कितीही छान ओतलं तरी काही दिसत नाही.

पेशी २ टक्के ग्लुकोजमध्ये मध्य-लॉगपर्यंत, म्हणजे वाढ ऐन जोमात येईपर्यंत, वाढवा, धुवा, आणि ०.०५ ते ०.१ टक्का ग्लुकोजच्या माध्यमात दोन-तीन तास ठेवा. ग्लुकोज कमी झाला की सुक२ जागं होतं. काचेच्या मण्यांबरोबर व्होर्टेक्स करून पेशी फोडा, पण एक मिनिट व्होर्टेक्स आणि एक मिनिट बर्फ, अशा आवर्तनांत. अर्क गरम करू नका, उकळू तर मुळीच नका, कारण आपल्याला एन्झाइम जिवंत हवं आहे. साधारण ५-६ टक्क्यांच्या नेटिव्ह (प्रथिनाची घडी न मोडणाऱ्या) जेलवर थंड खोलीत चालवा. अॅक्रिलामाइड घट्ट होण्याआधी विषारी असतं, हातमोज्यांशिवाय ओतू नका.

आता रंगाचा भाग. जेल ०.१ मोलर सुक्रोज घातलेल्या, पीएच ५.१च्या सोडियम अॅसिटेट बफरमध्ये ३७ अंशांवर दहा ते तीस मिनिटं ठेवा. जिथे इन्व्हर्टेज आहे तिथे सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. जेल पाण्याने धुवा. हे धुणं घाईने करू नका आणि फार लांबवूही नका: वरची सुटी साखर जायला हवी, जेलमधली राहायला हवी. मग ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ०.१ टक्का ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड घालून त्यात जेल बुडवा आणि भांडं उकळत्या पाण्यावर ठेवा. अर्ध्या मिनिटात काहीच होत नाही. मग वरच्या बाजूला फिकट गुलाबी सावली येते, गडद होत कुंकवासारखी लाल होते, आणि तेवढ्यात खाली न जडलेल्या इन्व्हर्टेजची बारीक रेघ उमटते. पट्टे स्पष्ट झाले की लगेच १० टक्के अॅसेटिक आम्लात टाका. अर्धं मिनिट उशीर केला तर सगळं जेल लाल होऊन निकाल बुडतो. गरम अल्कली डोळ्यांत उडाली तर इजा गंभीर होते, चश्मा अनिवार्य आहे. फोटो त्याच दिवशी काढा.

वाचताना चार ओळी एकमेकींशी ताडून पाहा. जीडीए१ म्युटंटचा पट्टा मूळ स्ट्रेनपेक्षा खाली येईल, कारण त्याच्यात देवाणघेवाण रोडावली आहे. एमएनएन९चा अगदी खाली. व्हीआरजी४चा खालीच, पण पेशीतल्या न जडलेल्या रेघेच्या वर. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. याचा अर्थ आतल्या जाळीत, म्हणजे ईआरमध्ये, जडणारी मूळ साखर शाबूत आहे, कमतरता गॉल्जीतल्या भरीची आहे. पीएसए१ बिघडलं असतं, म्हणजे जीडीपी-मॅनोज मुळात कमी असता, तर ईआरमधलं कामही बिघडलं असतं, कारण तिथल्या साखळीलाही मॅनोज त्याच साठ्यातून मिळते. इथे पहिल्यांदा ‘साखरच कमी आहे’ हा पर्याय मागे पडतो.

याची खात्री करायला कार्बॉक्सिपेप्टिडेज-वायचा वेस्टर्न ब्लॉट उपयोगी आहे. त्याचं तयार रूप सुमारे ६१ किलोडाल्टनचं, आणि त्यावरची बहुतेक साखर ईआरमध्येच जडते. व्हीआरजी४ म्युटंटमध्ये त्यात थोडासाच फरक दिसायला हवा. प्रतिपिंड महाग आहे, शेजारच्या प्रयोगशाळेत असेल तर मागून घ्या.

दार की एन्झाइम?

आता बॉम्बे गटाचा धडा आठवा. एका कामाचा बिघाड पाहून दार ठरत नाही, अनेक कामं एकत्र बिघडायला हवीत. गॉल्जीत जीडीपी-मॅनोज वापरणारी कामं निदान तीन: नायट्रोजनवर जडणाऱ्या साखळ्या (इन्व्हर्टेजवर पाहिल्या त्या), ऑक्सिजनवर जडणाऱ्या साखळ्या आणि स्फिंगोलिपिडला मॅनोज जोडणं. तिघांची एन्झाइम वेगवेगळी, पण कच्चा माल एकच.

ऑक्सिजनवरच्या साखळ्यांसाठी कायटिनेज, म्हणजे कायटिन फोडणारं एन्झाइम, पाहा. हे प्रथिन माध्यमात सोडलं जातं, कायटिनच्या मण्यांवर पकडता येतं आणि साध्या एसडीएस जेलवर दिसतं. साखरेने भरलेलं कायटिनेज सुमारे १५० किलोडाल्टनच्या जागी धावतं, साखर कमी झाली की त्याच्या खाली. पहिली मॅनोज ईआरमध्ये जडते, पुढच्या गॉल्जीत. एमएनएन९ म्युटंटमध्ये कायटिनेज जवळपास मूळ जागीच राहायला हवं, व्हीआरजी४मध्ये ते खाली उतरायला हवं. माझ्या मते याच एका तुलनेवर प्रकल्पाची गुणवत्ता ठरते, आणि दुर्दैवाने हीच बहुतेक प्रबंधांत नसते. स्फिंगोलिपिडचं काम पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीने होतं. लिपिडची सवय असलेलं कुणी हाताशी असेल तरच त्यात पडा.

जनुक परत घाला, मग परत काढा

बिघाड खरंच याच जनुकाचा आहे का? मूळ व्हीआरजी४, त्याच्या स्वतःच्या प्रमोटरसह, युरा३ खूण असलेल्या सेंट्रोमिअर प्लाझ्मिडमध्ये (पेशीत एक-दोनच प्रती राहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) घालून म्युटंटमध्ये सोडा. पद्धत नेहमीची: लिथियम अॅसिटेट, ५० टक्के पीईजी-३३५०, उकळलेला वाहक डीएनए, ४२ अंशांचा धक्का. आजारी पेशींना धक्का थोडा कमी वेळ द्या. जास्त प्रतींचा प्लाझ्मिड वापरू नका, कारण भरमसाट प्रथिन असलं की दुसऱ्याच बिघाडावरही पांघरूण पडू शकतं. रिकामा प्लाझ्मिड घातलेला स्ट्रेन सोबत हवाच.

स्पॉट टेस्ट, निळा गाळ, इन्व्हर्टेजचा वरचा पट्टा, सगळं परत आलं तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बहुतेक मुलं सोडून देतात. ५-एफओए घातलेल्या प्लेटवर पेशी पसरा. युरा३ असलेल्या पेशी तिथे मरतात, प्लाझ्मिड गमावलेल्याच उरतात. त्या परत फिकट गाळ देतात का ते पाहा. दिला, तर सुधारणा प्लाझ्मिडमुळेच होती आणि मधल्या काळात पेशीने दुसरी पळवाट शोधली नव्हती.

जनुकाचा क्रमही वाचून घ्या. १०१४ बेसचं जनुक आहे, मधे इंट्रॉन (वगळला जाणारा तुकडा) नाही. सँगर पद्धतीने दोन्ही टोकांकडून वाचलं की पूर्ण होतं. पुण्यात हे काम पैसे देऊन करून मिळतं.

शक्य असेल तर हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं व्हीआरजी४ पाहा. या यीस्टची गॉल्जी चित्रातल्या चपात्यांच्या थप्पीसारखी नसते, पेशीभर विखुरलेले ठिपके असतात. २००६ साली याच हिरव्या व्हीआरजी४ आणि लाल सेक७ची (गॉल्जीच्या शेवटच्या कप्प्यांतल्या प्रथिनाची) जोडी वापरून एकेक ठिपका हिरव्याचा लाल होताना टिपला गेला. गॉल्जीचे कप्पे जागच्या जागी पिकत जातात, हे त्यामुळे डोळ्यांना दिसलं.

प्रत्यक्ष वाहतूक मोजणं

यानंतरची पायरी आहे पिशव्यांत थेट जीडीपी-मॅनोज शिरतो का ते मोजणं. पेशीभिंत झायमोलायेजने काढून पेशी हलक्या हाताने फोडतात, १०,००० जी वर जड भाग बाजूला करतात आणि १,००,००० जी वर गॉल्जीच्या पिशव्या खाली बसवतात. ट्रिटियम लावलेल्या जीडीपी-मॅनोजबरोबर ३० अंशांवर काही मिनिटं ठेवून आत किती गेलं ते मोजतात. म्युटंटमध्ये जीडीपी-मॅनोज शिरत नाही पण दुसरी न्यूक्लिओटाइड-साखर मूळ स्ट्रेनइतकीच शिरते, हे दाखवलं की पिशव्या फुटक्या नव्हत्या आणि बंद झालेलं दार हेच होतं, हे ठरतं. यासाठी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची किरणोत्सारी खोली लागते. कॉलेजात ती नसते. शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थांशी आपल्या मार्गदर्शकांमार्फत लेखी बोलणी करा, डिसेंबरमध्येच, आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या खोलीत काम करू नका.

हे जमलं नाही तर निष्कर्ष तेवढाच लिहा जेवढा हातात आहे: ‘ईआरमधलं ग्लायकोसिलेशन शाबूत आहे. गॉल्जीत मॅनोज वापरणारी दोन वेगळी कामं बिघडली आहेत. ती व्हीआरजी४ परत घातल्यावर सुधारतात आणि काढल्यावर पुन्हा बिघडतात. हे गॉल्जीला होणारा जीडीपी-मॅनोजचा पुरवठा अडल्याशी सुसंगत आहे. पिशव्यांतली वाहतूक या कामात मोजलेली नाही.’ बाह्य परीक्षकाचं बोट हमखास शेवटच्या वाक्यावर येईल. तेव्हा इन्व्हर्टेज आणि कायटिनेजची दोन्ही जेल शेजारी ठेवा, एमएनएन९ची ओळ दाखवा आणि तिथून बोलायला लागा.